बुडी एकाची, डोळे दोघांचे

गोंदिया जिल्ह्यात पाणी शोधायला लांब जावं लागत नाही. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले जुने तलाव इथे गावोगाव आहेत, त्यांच्या जोडीला शेतातल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी. तलावाकाठी वाढलेल्या पोरांचा एक खेळही ठरलेला: नाक दाबायचं, बुडी मारायची आणि कुणाचा दम जास्त टिकतो ते बघायचं. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा १० अंशांच्या खाली घसरतो, तेव्हा पोरं काठावर थबकतात. मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मात्र थांबून चालत नाही. जाळं टाकायचं तर थंडीतही पाण्यात उतरावंच लागतं.

दम धरण्याचा हाच खेळ जगात फ्रीडायव्हिंग नावाने खेळला जातो. पाठीवर हवेची टाकी नाही, तोंडात नळी नाही. एका श्वासावर जायचं आणि त्याच श्वासावर परतायचं. काही प्रकारांत खोली मोजतात, काहींत पाण्याखाली आडवं कापलेलं अंतर, तर ‘स्टॅटिक’ प्रकारात स्पर्धक पाण्यावर पालथा पडून नुसता श्वास रोखतो. या प्रकारात फ्रान्सच्या स्टेफान मिफसूद यांनी २००९ मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंदांची नोंद केली. हा आकडा ऐकला की फुप्फुसांच्या ताकदीचं कौतुक वाटतं. स्पर्धेची तयारी जवळून पाहिली तर कौतुकाची जागा बदलते. पाण्याखाली गेलेल्या माणसाइतकंच महत्त्व वर थांबलेल्याला असतं, आणि पाणी थंड असेल तर त्याच्यावर सगळी भिस्त असते.

थंड पाण्यात शरीराचं काय होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. अंगाला गार पाणी लागताच माणूस नकळत खोल श्वास ओढतो, मग धाप लागल्यासारखे श्वास सुरू होतात आणि छाती धडधडायला लागते. याला शीतधक्का म्हणता येईल. त्याचा जोर पहिली एक ते तीन मिनिटं असतो. हा पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना ओढला गेला, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. थंड पाण्यातले बरेच मृत्यू अंग गारठण्याच्या कितीतरी आधी, या पहिल्या मिनिटांत होतात.

चेहऱ्याची गोष्ट वेगळी आहे. नाक, कपाळ, गाल यांना गार पाणी लागलं आणि श्वास रोखलेला असला की हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांकडचं रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळतं. सील आणि देवमाशांत हीच यंत्रणा फार तीव्र असते, माणसात ती सौम्य रूपात शिल्लक आहे. पाणी जितकं गार तितकी ती जोरात चालते. म्हणजे एकाच क्षणी अंगाची कातडी हृदयाला ‘पळ’ म्हणते आणि चेहरा ‘थांब’ म्हणतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ माइक टिप्टन आणि मायकेल शॅटॉक यांनी २०१२ मध्ये या ओढाताणीवर लिहिलं आणि हृदयाची लय त्यातून बिघडू शकते हे दाखवून दिलं. म्हणून थंड पाण्यात सूर मारणं शहाणपणाचं नाही. हळूहळू उतरायचं, छातीपर्यंत पाण्यात उभं राहून श्वास पूर्ण शांत होऊ द्यायचा आणि चेहरा सर्वांत शेवटी भिजवायचा.

सवयीने शीतधक्का कमी होतो, ही सरावातली मोठी दिलाशाची बाब. दर वेळी दोन-तीन मिनिटं, असं पाच-सहा वेळा थंड पाण्यात उतरलं तरी त्याचा जोर जवळपास निम्म्यावर येतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे सरावाच्या सुरुवातीला कुणी श्वास रोखतच नाही. मंडळी नुसती पाण्यात उभी राहतात, बोलतात, बाहेर येतात. बोलण्यालाही अर्थ आहे: ज्याला सलग वाक्य बोलता येत नाही, त्याचा श्वास अजून ताळ्यावर आलेला नाही हे शेजाऱ्याला लगेच कळतं.

पुढचा सराव दोराच्या आधाराने होतो. पाण्यावर एक बोया, त्यातून खाली सोडलेला दोर, त्याच्या टोकाला वजन. बुडी मारणारा मनगटाला बांधलेली छोटी दोरी या मुख्य दोरात अडकवतो, म्हणजे वाट चुकायची भीती राहत नाही. अंगावर निओप्रीनचा जाड सूट असतो, पण खोलीवर तो दाबाने चेपला जातो, त्याची ऊबही कमी होते आणि तरंगवण्याची शक्तीही. म्हणून कमरेला शिसं जपून बांधावं लागतं. श्वास सोडल्यावरही माणूस पृष्ठभागाला तरंगला पाहिजे, इतकंच वजन. काही झालंच तर पाण्याने त्याला वर ठेवलं पाहिजे, खाली ओढता कामा नये.

जोडीदाराचं काम इथे सुरू होतं. एक जण खाली गेला की दुसरा वर थांबतो. दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. परतीच्या वेळी जोडीदार काही मीटर खाली उतरून त्याला गाठतो आणि डोळ्यांत बघत त्याच्यासोबत वर येतो. शेवटचे १० मीटरच सर्वांत धोक्याचे, याला कारण आहे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि त्या दाबामुळे फुप्फुसांत उरलेला थोडा प्राणवायूही रक्तात उतरत राहतो. वर येताना दाब घटतो आणि तोच प्राणवायू अचानक अपुरा पडतो. माणूस शेवटच्या टप्प्यात शुद्ध हरपतो, कधी तर वर येऊन पहिला श्वास घेतल्यावरसुद्धा. म्हणून जोडीदाराची नजर पुढचं अर्धं मिनिट हलत नाही. शुद्ध गेलीच, तर तोंड पाण्याबाहेर धरायचं, मास्क आणि नाकाची क्लिप काढायची, चेहऱ्यावर फुंकर घालायची, गालावर थोपटायचं आणि नाव घेऊन ‘श्वास घे’ म्हणायचं. बहुतेक वेळा एवढ्याने श्वास परततो. माणूस एकटा असेल तर फुंकर घालायला कुणी नसतं.

शुद्ध हरपण्याच्या याच धोक्यामुळे बुडीपूर्वी भराभर श्वास घेण्यावर जाणते फ्रीडायव्हर कडक बंदी घालतात. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. जोरजोराने श्वास घेऊन हा वायू आधीच उडवून लावला, की धोक्याची घंटा वाजतच नाही. माणसाला छान वाटत असतं आणि शुद्ध जाते. तलावावर पैज लावणारी पोरं बुडीआधी नेमकं हेच करतात.

स्पर्धेत तर थंडी बोटांनाही छळते. वर आल्यावर १५ सेकंदांच्या आत चेहऱ्यावरची साधनं काढायची, हाताने ठीक असल्याची खूण करायची आणि ‘आय ॲम ओके’ म्हणायचं, तेही याच क्रमाने. चुकलं तर बुडी बाद. बधिर बोटांनी नाकाची क्लिप सुटत नाही, गारठलेले ओठ नीट हलत नाहीत. म्हणून ही १५ सेकंदं साथीदारांसमोर थंड पाण्यात पुन्हा पुन्हा घोटून घेतली जातात. कुडकुडणाऱ्या स्नायूंना प्राणवायूही जास्त लागतो, तेव्हा कोमट जलतरण तलावातला स्वतःचा आकडा इथे धरून चालत नाही. वर थांबणाराही गारठतो. त्यामुळे तिघांचा गट बरा: एक पाण्याखाली, एक पहाऱ्यावर, एक अंग गरम करत.

कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या असंच काम करत आल्या आहेत. शंखशिंपले आणि समुद्री शेवाळ काढायला त्या गटाने जातात. त्यांच्या या परंपरेला २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. पूर्वी हिवाळ्यातल्या सुमारे १० अंशांच्या पाण्यात त्या साध्या सुती कपड्यांवर उतरत. शास्त्रज्ञ सुक की हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा हिवाळ्यात त्यांच्या शरीराची ऊर्जा निर्माण करण्याची गती वाढलेली आढळली. १९७०च्या दशकात वेटसूट आले आणि काही वर्षांत ही थंडी सोसण्याची खास क्षमता मावळली. शरीर गरजेपुरतंच शिकतं, गरज सरली की हळूहळू विसरतं.

थंड पाण्याची ओढ आजही काहींना असते. फिनलंडच्या फ्रीडायव्हर योहाना नॉर्डब्लाड यांनी मार्च २०२१ मध्ये गोठलेल्या तळ्यात, बर्फाखाली, वेटसूटशिवाय १०३ मीटर अंतर एका श्वासावर कापलं. सायकल अपघातात मोडलेल्या पायावर थंड पाण्याचे उपचार घेताना त्यांना या पाण्याची ओढ लागली होती. मराठी माणसांत थंड पाण्याशी झुंजण्याचं मोठं नाव पुण्याच्या रोहन मोरे यांचं. ते श्वास रोखणारे नव्हेत, लांब पल्ल्याचे जलतरणपटू. सात सागरी खाड्या पोहून पार करणारे पहिले आशियाई, शेवटची न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी फेब्रुवारी २०१८ मध्ये. पाण्याखालचं रीतसर शिक्षण हवं असेल तर सिंधुदुर्गात तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग संस्था आहे, तिथे मुख्यतः स्कूबा शिकवतात.

गोंदियाचे तलाव मात्र खोल बुडीच्या सरावाला योग्य नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. पाणी गढूळ, हातभर खालचा माणूस दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्यावर पहारा कसा ठेवणार? त्यात शिंगाड्याच्या वेली, बेशरमची झुडपं, पसरलेली जाळी. इथे जमतं ते एवढंच: कमरेइतक्या पाण्यात, काठाजवळ, दोघांनी मिळून, एकाने श्वास रोखायचा आणि दुसऱ्याने हात खांद्यावर ठेवून मोजायचं, मध्येमध्ये बोट दाबून जाग तपासायची. बाहेर आल्यावर आधी ओले कपडे बदलायचे, मग गोड गरम चहा. लगेच कढत पाण्याने अंघोळ नको, कारण पाण्याबाहेर आल्यावरही काही वेळ शरीराचं आतलं तापमान घसरतच असतं आणि अचानक भोवळ येऊ शकते.

सवय लावायची असेल तर कोजागरीच्या सुमारास सुरुवात करावी, म्हणजे पाणी जसं गार होत जाईल तसं शरीरही हळूहळू रुळतं. ही सवय पटकन जातही नाही. टिप्टन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात थंड पाण्यात उतरणं बंद केल्यावर १४ महिन्यांनीही तिचा काही अंश टिकून असल्याचं दिसलं होतं.