अब्रूची किंमत आणि पदरातलं मूल

बाईच्या मोहाची गोष्ट मराठीत पुष्कळांनी लिहिली. त्या मोहाची किंमत कुणी ठरवली आणि ती कशातून वसूल केली, हे मात्र कायद्याच्या कागदांत जास्त स्पष्ट दिसतं. ते कागद आणि आपलं साहित्य शेजारी ठेवून वाचलं, की जाणवतं : बाईने चौकट मोडली, तर दंड बहुतेक वेळा तिच्या मुलावरून वसूल झाला आहे.

१८५६ च्या कायद्याने विधवेला पुन्हा लग्नाची मुभा दिली. त्याच कायद्याचं दुसरं कलम सांगत होतं, की तिने लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेपुरती ती मेली असं धरावं. तिसऱ्या कलमाने मृत नवऱ्याच्या नातलगांना एक वाट दिली : मुलांचा पालक दुसरा कुणी नेमावा, असा अर्ज त्यांना कोर्टात करता येई. म्हणजे लग्न कर, पण मूल हातचं जाईल ही धास्ती बाळगून कर. मुंबईच्या जयंतीबाईंनी यातून आपल्यापुरता मार्ग काढला. पंधराव्या वर्षी आई आणि सतराव्या वर्षी विधवा झालेल्या या बाईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न करण्याआधी मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. ती मुलगी म्हणजे रखमाबाई. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करीन, असं १८८७ मध्ये कोर्टाच्या हुकमापुढे ठामपणे सांगणारी आणि पुढे डॉक्टर झालेली. लेकीच्या त्या ताठ कण्यामागे आईचा हा व्यवहारी शहाणपणा होता, असं मला वाटतं. जयंतीबाईंच्या सुतार जातीत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता, हेही विसरता येत नाही.

ज्या जातींत मज्जाव होता, तिथे विधवेला दिवस गेले की विहीर, औषध किंवा बाळाचा गळा एवढेच रस्ते उरत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, अशा जाहिराती ब्राह्मण वस्तीत लावल्या. १८८४ मध्ये जोतीरावांनी लिहिलेला हिशेब आजही वाचवत नाही. सुमारे ३५ विधवा आल्या. जगली ती ५ मुलं. बाकीची गेली, कारण गरोदरपण लपवायला आयांनी आधीच जहाल औषधं घेतलेली होती. फुल्यांच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच अब्रूने आपलं काम उरकलं होतं. अशाच एका विधवेचं मूल, यशवंत, या दांपत्याने दत्तक घेतलं.

१८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या खुनासाठी फाशी सुनावली गेली. अपिलात ती जन्मठेपेवर आली. वर्तमानपत्रांनी तमाम बायकांची चारित्र्यं तपासायला घेतली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून उलट सवाल केला : मोहात पाडणारा पुरुष या खटल्यात कुठे आहे? या प्रश्नाला त्या काळाने उत्तर दिलं नाही. पुस्तक विस्मरणात गेलं आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा पुढे आणलं.

साहित्याने पुढचं पाऊल टाकलं ते विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीत, १९३४ साली. लग्नाच्या चौकटीबाहेर आई होण्याची इच्छा तिथे बाई स्वतः बोलते. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाने (१९६७) तीच इच्छा सभ्य माणसांच्या हाती दिली. नाटकातल्या बेणारेबाईंना मूल हवं आहे, त्याला बापाचं नाव मिळावं म्हणून त्या एकेकाकडे शब्द टाकतात. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारं, खेळ म्हणून भरवलेलं खोटं कोर्ट शेवटी पोटातलं मूल नष्ट करण्याची शिक्षा देतं, आणि ज्यांचं हे मूल, ते प्रोफेसर दामले खटल्याला हजरच नसतात. ताराबाईंचा प्रश्न ८५ वर्षांनी रंगमंचावर तसाच उभा होता. ‘उंबरठा’ (१९८२) या सिनेमात तर परपुरुषाचा मोहही नाही, मोह आहे तो कामाचा. तरी कामासाठी घर सोडून गेलेली नायिका सुलभा परत येते तेव्हा लेक परकी झालेली असते.

कायदा याहून हळू चालला. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याने पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे दिलं, पण औरस मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई, असं ठरवलं. अनौरस मुलाच्या बाबतीत मात्र आई पहिली. जिथे पुरुषाला मूल नको असतं, तिथेच बाईचा हक्क निर्विवाद! गीता हरिहरन यांच्या १९९९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे केवळ बापाच्या मृत्यूनंतर नव्हे, असा अर्थ लावून वाट थोडी रुंद केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका ताब्याच्या खटल्यात स्पष्ट केलं, की व्यभिचार घटस्फोटाचं कारण होऊ शकेल, पण केवळ तेवढ्यावरून आईकडून मूल काढून घेता येत नाही. बायको म्हणून कमी पडलेली स्त्री आई म्हणूनही वाईट ठरत नाही, हे ऐकायला १८५६ पासून इतका काळ जावा लागला. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने १ मे किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचं नाव लिहिणं बंधनकारक केलं.

तरीही ताब्याच्या अर्जांत आईची वागणूक पुरावा म्हणून मांडली जातेच, आणि त्या भीतीने कित्येक जणी मारहाण सोसून संसारात राहतात किंवा पोटगी सोडून देतात. न्यायालयांनी अर्थ लावून वाट काढली असली, तरी बापाला आधी आणि आईला नंतर ठेवणारं ते वाक्य कायद्याच्या पुस्तकात अजून तसंच आहे. ते संसदेने काढायला हवं.