लास्लो कान : राजमुकुट अडवून ठेवणारा प्रांताधिकारी

हंगेरीच्या राज्यात ट्रान्सिल्व्हेनिया प्रांताचा कारभार राजाने नेमलेला ‘वोइवोद’ हा अधिकारी पाहत असे. परंतु १२९५ च्या सुमारास या पदावर आलेला सरदार लास्लो कान, १३०१ मध्ये आर्पाद राजवंश खुंटल्यावर, राजाच्या हक्काच्या चांदीच्या खाणीही बळकावून जवळजवळ स्वतंत्र सत्ताधीश होऊन बसला. १३०७ मध्ये गादीचा एक दावेदार, बव्हेरियाचा ओटो, त्याच्या कैदेत सापडला आणि त्याच्याबरोबर पवित्र राजमुकुटही. या मुकुटावाचून झालेला राज्याभिषेक हंगेरीत ग्राह्य धरला जात नसे. म्हणूनच पोपचा प्रतिनिधी जेंतिले याच्या पुढाकाराने आंजू घराण्यातील चार्ल्सच्या मस्तकी १३०९ मध्ये चढवलेला नवा मुकुट व्यर्थ ठरला. धर्मबहिष्कार घातला गेल्यावर १३१० मध्ये लास्लोने मुकुट परत केला. मात्र यात पश्चात्तापापेक्षा हिशेबीपणाच अधिक असावा, कारण वोइवोदपद पुढेही काही वर्षे त्याच्याचकडे राहिले.