‘शॅल’ आणि ‘मे’ : हक्क आणि मर्जी यांतील अंतर

कायद्याची भाषा ज्याला वाचता येते त्यालाच कायद्यातील हक्क पुरतेपणी मागता येतो. संविधान आणि अनेक कायदे आज मराठीत उपलब्ध आहेत. परंतु अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांची मुख्य भाषा इंग्रजीच आहे, आणि वाद उभा राहिला की काथ्याकूट होतो तो इंग्रजी शब्दांचाच. म्हणून ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोन साध्या क्रियापदांतील फरक कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतला पाहिजे.

‘आय’ आणि ‘वुई’ यांच्यापुढे ‘शॅल’, इतरांपुढे ‘विल’, आणि दोन्हींचा अर्थ भविष्यकाळ, एवढे शाळेत शिकवले जाते. त्याच नियमाचा दुसरा भाग बहुधा मागे पडतो. कर्ता तृतीय पुरुषी असताना ‘शॅल’ आला, तर तो सहसा भविष्य सांगत नाही, तो बंधन घालतो. ‘मे’चे तसे नाही. ‘मे आय कम इन?’ म्हणणारा विद्यार्थी परवानगी मागत असतो. कायद्यात अधिकाऱ्यापुढे ‘मे’ आला, की ती परवानगी अधिकाऱ्याला मिळालेली असते. त्याने ते काम करावे अथवा करू नये, हे सामान्यतः त्याच्यावर सोपवलेले असते.

मराठी भाषांतरात ही धार बोथट होते. ‘साहेब उद्या येतील’ आणि ‘दंडाधिकारी मदत देतील’ या वाक्यांतील क्रियापदांचे रूप एकच. पहिले वाक्य नुसता अंदाज आहे. दुसऱ्याच्या मुळाशी ‘शॅल’ असेल, तर त्याचा अर्थ ‘मदत दिलीच पाहिजे’ असा आहे. वाचणारा मात्र ते आश्वासन समजतो, आणि आश्वासनाची वाट पाहण्याची आपल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे.

संविधानातच पाहा. लोकसभेतील अनुसूचित जातींच्या राखीव जागा सांगणाऱ्या अनुच्छेद ३३० मध्ये ‘शॅल’ आहे. तेथे सरकारची मर्जी चालत नाही. नोकऱ्यांतील राखीव जागांचा अनुच्छेद १६(४) मात्र वेगळा आहे. ‘शॅल’ तेथेही आहे, पण अशी तरतूद करण्यास राज्याला आडकाठी होणार नाही, एवढेच तो सांगतो. म्हणजे शब्द ‘शॅल’, आणि परिणाम ‘मे’चा. सर्वोच्च न्यायालयाने सी. ए. राजेंद्रन खटल्यात (१९६७) हे कलम राज्याला अधिकार देते, कर्तव्य लादत नाही, असा अर्थ लावला. २०२० साली मुकेश कुमार खटल्यात बढतीतील आरक्षणाबाबत तीच भूमिका पुन्हा घेतली गेली. अनुच्छेद ४६ दुर्बल घटकांच्या हितासाठी राज्यावर ‘शॅल’ने जबाबदारी टाकतो. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो, आणि अनुच्छेद ३७ नुसार ती तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाहीत. तेव्हा शब्दाबरोबर त्याची जागाही पाहावी लागते.

हा फरक सर्वांत जास्त जाणवतो तो पोलीस ठाण्यात. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवण्याबाबत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये ‘शॅल’ होता. त्याच शब्दावर भर देऊन पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात (२०१३) नोंदणी बंधनकारक ठरवली. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ मध्ये तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. ही मुभा ‘मे’ची आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली आलेले कलम १८-अ मात्र गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे स्पष्ट सांगते. तेथील शब्द ‘शॅल नॉट’ असा आहे. त्याच कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम १२(४) पीडितांना सात दिवसांत मदत देण्याचे बंधन ‘शॅल’नेच घालतो.

अर्थात न्यायालये शब्दाची पूजा करीत नाहीत. अधिकाराला कर्तव्य जोडलेले असेल, तर ‘मे’सुद्धा बंधनकारक ठरू शकतो. हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८८० च्या ज्युलियस खटल्यापासून प्रसिद्ध आहे. उलट मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात (१९५७) लोकसेवा आयोगाच्या सल्ल्याबाबतचा ‘शॅल’ केवळ निर्देशात्मक ठरला. कायद्याचा हेतू काय, आणि पालन न झाल्यास काय व्हावे असे कायदा सांगतो, हे दोन प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाला शिक्षा सांगते. अशा ‘शॅल’च्या पाठीशी दात आहेत.

आपले अर्ज बहुधा ‘कृपया मदत मिळावी, ही नम्र विनंती’ असे संपतात. जेथे ‘मे’ आहे तेथे विनंती समजू शकते, आणि नकार आला तर लेखी कारण मागता येते. ‘मे’चा ‘शॅल’ व्हावा यासाठी झगडणे हे चळवळीचे काम आहे. पण जेथे ‘शॅल’ आहे तेथे कृपेचा संबंध नाही. तेथे कलमाचा क्रमांक, मुदत आणि ‘आपणांवर बंधनकारक आहे’ हे शब्द लिहावेत, आणि अर्जाची पोच घ्यावी. शिक्षकांनी व्याकरणाच्या तासाला हेच दोन शब्द कायद्यातील उदाहरणे देऊन शिकवले, तर इंग्रजीचा तास हक्काचाही तास होईल.