फुप्फुसांतील रक्तदाब आणि एका पेप्टाइडाची परीक्षा

दंडाला पट्टा गुंडाळून डॉक्टर जो रक्तदाब मोजतात, तो शरीरातील दोन रक्तदाबांपैकी केवळ एक होय. दुसरा त्या पट्ट्याला कळत नाही. हृदयाला आपण पंप म्हणतो. वस्तुतः ते शेजारी शेजारी बसविलेले दोन पंप आहेत. डावा पंप शुद्ध रक्त सर्वांगात ढकलतो, तर शरीरातून परत आलेले रक्त उजवा पंप फुप्फुसांकडे पाठवितो. डाव्या बाजूच्या मोठ्या रोहिणीत सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका असतो. फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीत मात्र, माणूस निरोगी व विश्रांत असता, तो अवघा १४ मिलिमीटरच्या आसपास आढळतो. काम हलके असल्यामुळे उजव्या कप्प्याची भिंतही पातळ असते.

फुप्फुसांतील बारीक रोहिण्या आकसल्या, त्यांच्या भिंती जाड झाल्या, की हा दाब वाढू लागतो. पातळ भिंतीचा उजवा कप्पा प्रथम जोर लावतो, मग जाड होतो, आणि अखेर थकतो. रोग्याला जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते, क्वचित भोवळ येऊन तो पडतो. ही लक्षणे अशक्तपणाची किंवा दम्याची समजली जाऊन पुष्कळदा महिने, वर्षे निघून जातात. निदान पक्के करावयाचे तर शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या भागात नेऊन दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो. अशी नळी जर्मन वैद्य वेर्नर फोर्समान यांनी १९२९ साली स्वतःच्याच हृदयापर्यंत नेली. पुढे कूर्नां व रिचर्ड्‌स यांनी ती पद्धती विकसित केली, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. दीर्घकाळ २५ मिलिमीटर ही रोगाची मर्यादा मानली जात असे; युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनात ती २० वर आणली आहे.

हा दाब का वाढतो? आपल्या देशात संधिवाती तापानंतर अरुंद झालेली हृदयाची झडप, जन्मतःच हृदयाच्या पडद्यात राहिलेले छिद्र आणि फुप्फुसांचे जुनाट विकार ही कारणे वारंवार दिसतात. विरळ हवा हेही एक कारण आहे. स्वीडनमधील ऑयलर व लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले, की श्वासातील प्राणवायू घटला म्हणजे फुप्फुसांतील रोहिण्या आकसतात. यात निसर्गाचा हेतू चांगलाच आहे: फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही, तेथून रक्त वळवून ते हवेशीर भागाकडे न्यावयाचे. परंतु उंच पर्वतावर प्राणवायू सगळ्याच कोपऱ्यांत कमी पडतो, आणि सगळ्याच रोहिण्या एकदम आकसतात. म्हैसूरजवळचे येलवाल समुद्रसपाटीपासून सुमारे पाऊण हजार मीटर उंच आहे. तेथे राहणाऱ्याला याची जाणीवही होत नाही. लेहची उंची सुमारे साडेतीन हजार मीटर. सखल प्रदेशातून घाईने अशा उंचीवर नेलेल्या सैनिकांपैकी काहींच्या फुप्फुसांत पाणी भरू लागले. भारतीय सेनेतील वैद्य इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी या विकाराचा अभ्यास करून १९६५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. प्राणवायू देणे व रोग्याला त्वरेने खाली आणणे हा त्यावर उपाय आहे.

पण ज्यांच्या बाबतीत कोणतेच कारण सापडत नाही, त्यांना कोठून खाली आणावयाचे? अशा रोग्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात १९४ रोग्यांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. निदानानंतर २.८ वर्षांच्या आतच त्यांच्यापैकी निम्मे दगावतात, असा हिशेब १९९१ साली हाती आला. औषधाचा शोध किती निकडीचा होता, हे यावरून ध्यानात येईल.

येथे पेप्टाइडांचा प्रवेश होतो. अमिनो अम्लांचे मणी एका धाग्यात ओवावेत तशी पेप्टाइडाची रचना असते. माळ फार लांबली की तिला आपण प्रथिन म्हणतो. शरीर अशा लहान माळांचा निरोप्यांसारखा उपयोग करते. जपानमध्ये १९८८ साली सापडलेले एंडोथेलिन हे २१ मण्यांचे पेप्टाइड रक्तवाहिन्यांना अतिशय जोराने आकसविते. त्याचे काम अडविणारे बोसेंटान हे औषध २००१ पासून अमेरिकेत वापरात आले. याउलट गुण असलेले पेप्टाइड त्याआधीच हाती लागले होते. सामी सैद व व्हिक्टर मुट यांनी १९७० साली डुकराच्या आतड्यातून २८ मण्यांचे एक पेप्टाइड वेगळे केले. ते वाहिन्या सैल करते. आतड्यात सापडल्यामुळे त्याला 'वाहिनी-प्रभावी आंत्र-पेप्टाइड' म्हणतात. परंतु फुप्फुसांतील मज्जातंतूंतही ते असते. ज्या उंदरांत त्याचे जनुकच काढून टाकले होते, त्यांच्या फुप्फुसांत रक्तदाब वाढलेला आढळला.

मग ज्याची उणीव, तेच बाहेरून का देऊ नये? व्हिएन्नातील वैद्यांनी आठ रोग्यांना हे पेप्टाइड फवाऱ्याच्या रूपाने श्वासावाटे दिले. २००३ साली त्यांनी कळविले, की फुप्फुसांतील दाब उतरला आणि हृदयातून वाहणारे रक्त वाढले. आशा वाटणे साहजिक होते. पुढे म्यूनिक येथे २० रोग्यांना एकेक मात्रा देऊन पाहिली. २००८ च्या त्या वृत्तान्तानुसार वाहिन्या सैल झाल्या, पण थोड्या आणि तात्पुरत्या. त्यानंतर मोठ्या संख्येने रोगी घेऊन खरी तुलना झाली. काहींना पेप्टाइडाचा फवारा, तर काहींना औषध नसलेला फवारा देण्यात आला. २०१० साली मांडलेल्या या परीक्षणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

पहिला अनुभव मग खोटा म्हणावयाचा काय? तसे नव्हे. आठांच्या परीक्षेत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि इतक्या थोड्या रोग्यांत योगायोगाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय रक्तातील विकरे हे पेप्टाइड एक-दोन मिनिटांत तोडून टाकतात. तिसरी गोष्ट अशी, की रोग जुना झाल्यावर रोहिणी नुसती आकसलेली नसते. तिच्या भिंतीत नव्या पेशींची भर पडलेली असते. आवळलेली मूठ सैल करता येते; दाट झालेली भिंत केवळ सैल करून पातळ होत नाही.

या भिंतीच्या वाढीवरच आता लक्ष केंद्रित झाले आहे. सोटाटर्सेप्ट नावाच्या, प्रयोगशाळेत घडविलेल्या प्रथिनाची परीक्षा ३२३ रोग्यांवर झाली. तीतही निम्म्या रोग्यांना औषधाविना इंजेक्शन होते. सहा मिनिटांत चालून जाण्याच्या अंतरात औषध घेणारे सुमारे ४० मीटरांनी पुढे राहिले, आणि २०२४ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ज्या कसोटीने पेप्टाइडाला नापास केले, तिनेच या प्रथिनाला पुढे जाऊ दिले. औषध नसलेला फवारा किंवा इंजेक्शन घेणाऱ्या रोग्याचे उपकार या दोन्ही निकालांवर सारखेच आहेत.

वाचकाच्या हाती यातून एक गोष्ट लगेच येण्यासारखी आहे. श्रमाच्या मानाने अधिक धाप लागत असेल आणि तिचे कारण उमगत नसेल, तर दंडाचा रक्तदाब ठीक निघाला म्हणून समाधान मानू नये. ध्वनिलहरींनी होणाऱ्या हृदयाच्या तपासणीत उजव्या पंपावरील भाराचा पहिला सुगावा लागतो, आणि तीसाठी नळी घालावी लागत नाही.