जवस : बियाण्याचं किती, थंडीचं किती?



जवसाची चटणी करून विकायचं दोन-तीन गटांनी ठरवलंय, तेव्हापासून मला एकच प्रश्न येतोय : "मॅडम, जवस आपणच पेरलं तर?" भात निघाल्यावर आपण वाल, हरभरा करतोच, मग जवस का नको? गटातून कर्ज उचलून बियाणं आणायच्या आधी हे वाचा.

जवस, म्हणजेच अळशी, हे रब्बीचं पीक. आपल्या राज्यात ते जास्त करून विदर्भात होतं. तिकडे भात कापायच्या आधीच उभ्या पिकात बी फोकतात आणि जमिनीतल्या ओलीवर जवस येतं. याला उतेरा म्हणतात. खर्च जवळजवळ नाही, पण खत-पाणी नसल्याने उताराही बेताचाच.

दाण्यात साधारण ३५ ते ४५ टक्के तेल असतं आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३. हे आधी ठरतं वाणावर. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालतं, एनएल ९७ आणि एनएल २६० हे तिथलेच वाण. ऑस्ट्रेलियात तर शास्त्रज्ञांनी ओमेगा-३ जवळजवळ नसलेलं जवस तयार केलंय. झाड तेच, फक्त आतला गुण बदलला. बाजारात पिवळं जवस भारी म्हणून महाग विकतात, पण नुसत्या रंगावरून तेल कळत नाही. तपकिरी घेतलंत तरी काही बिघडत नाही.

पण वाण चांगला असला तरी हवा साथ देईलच असं नाही. फुलं गळाली की दाणा भरायला लागतो, तेव्हा थंडी हवी. उष्णतेत दाण्यात ओमेगा-३ तयार व्हायची क्रिया मंदावते, दाणा बारीक राहतो, तेलही कमी भरतं. म्हणून उशिरा पेरलेलं जवस मार खातं. आपल्या वडपे-भिवंडीकडे थंडी विदर्भाइतकी पडत नाही. भात काढून नोव्हेंबरात पेरलं तर दाणा भरायची वेळ फेब्रुवारीच्या उन्हात येते.

त्यामुळे माझं मत विचाराल तर, यंदा गुंठाभरच पेरा. बियाणं वाणाचं नाव लिहिलेलं घ्या. या पिकात परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं, म्हणून पुढच्या वर्षी घरचं बी चालतं. निघालेलं जवस मोजून वहीत लिहा. कर्ज काढायचं की नाही ते मग बैठकीत बोलू. चटणीसाठी तोवर विदर्भातलं जवस विकत आणा.

आणखी एक. ज्या ओमेगा-३ मुळे जवसाला भाव आहे, त्यामुळेच त्याचं तेल हवेत लवकर बदलतं. रंग आणि वॉर्निशमध्ये ते वापरतात तेही सुकून घट्ट होतं म्हणूनच! तेव्हा दाणे अख्खेच साठवा, ऑर्डर येईल तेवढेच भाजून कुटा. पाकिटावर तारीख घाला. महिन्याभराची चटणी एकदम करून ठेवलीत तर खवट होऊ शकते आणि मग गिऱ्हाईक परत येणार नाही.