एकच बांगडा, एकाकडे पास, दुसऱ्याकडे नापास



जेटीवरचं हे भांडण कोणाला नवीन नाही. एकाच जाळ्यातला बांगडा, एकाच बर्फातला. एक क्रेट एकाने पास केला, तसाच दुसरा क्रेट दुसऱ्याने नापास केला. नापास म्हणजे गेला फिशमीलच्या भावात. मग "तो आपल्यावर खार खातो" हे सुरू होतं. खात असेलही! पण आधी एक चाचणी करून बघा. कारखान्यांत सुटे भाग तपासणाऱ्यांची ती घेतात, मासळीलाही चालते.

५० बांगडे घ्या, शेपटीला नंबर बांधा. त्यात मधल्या प्रतीचे जास्त असू द्या. फडफडीत ताजा आणि सडका काय, आपल्या घरातलं पोरही ओळखतं. दोघा तपासनिसांनी एकमेकांचं न बघता प्रत्येक माशाला पास की नापास ते लिहायचं. मग क्रम बदलून त्याच माशांची दुसरी फेरी. मासळी बर्फातच ठेवा आणि दुसरी फेरी लगेच घ्या, नाहीतर मासाच बदलतो आणि दोष माणसाला लागतो.

समजा, ४० मासे दोघांनी पास केले, २ दोघांनी नापास केले. उरलेल्या ८ वर मतभेद: ४ फक्त याने नापास केले, ४ फक्त त्याने. म्हणजे ५० पैकी ४२ जुळले, ८४ टक्के. ऐकायला छान वाटतं. पण दोघंही ५० पैकी ४४ पास करतात. मासा न बघता तेवढेच शिक्के मारले असते, तरी सरासरी ७९ टक्के जुळलंच असतं! म्हणजे वरच्या २१ टक्क्यांपैकी डोळ्यांनी कमावले फक्त ५. पाचाला एकवीसने भागलं की ०.२४. या आकड्याला कप्पा म्हणतात. जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो १९६० साली मांडला. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग. कारखान्यांत साधारण ०.७५ च्या वर चांगलं आणि ०.४० च्या खाली वाईट धरतात.

आता दुसरी फेरी बघा. माणूस स्वतःशीच जुळत नसेल, तर तिथे आकस शोधू नका. उजेड कमी असेल, नाक थकलं असेल. स्वतःशी जुळतो पण दुसऱ्याशी नाही, तर नियमच दोन आहेत. एक कल्ल्यांचा रंग बघतो, दुसरा पोट दाबून बघतो. दोघांना समोरासमोर बसवून ते ८ मासे हातात द्या. निम्मं भांडण तिथेच मिटतं, असा आमचा अंदाज.

एक गोष्ट मात्र या चाचणीत सापडत नाही. बर्फाविना तापलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं. त्याला वास नसतो, शिजवून ते जात नाही. दोघंही असा मासा पास करतील, कप्पा १ येईल आणि खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतील. ते प्रयोगशाळेतच कळतं.

आणि हो, नंबरांच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या घ्या. कागद बर्फाच्या पाण्यात टिकत नाही.