वंशावळीतील कोरी जागा

घराण्याचा इतिहास म्हटला की वंशवृक्ष डोळ्यांसमोर उभा राहतो. मूळपुरुष, त्याचे पुत्र, पुत्रांचे पुत्र, अशी परंपरा सात-आठ पिढ्या खाली उतरते. परंतु ज्यांच्या पोटी ही सर्व मंडळी जन्मास आली, त्या स्त्रियांचे नाव त्या वृक्षाच्या फांदीवर सहसा आढळत नाही. ज्या व्यापाऱ्याच्या कीर्दीत जमेची बाजू लिहिलेली व नावेची कोरी, त्याचा हिशेब कोणी खरा मानील काय? मग वंशावळीचाच हिशेब आपण खरा का मानतो, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

पनवेल तालुक्यातील नावड्याचेच उदाहरण घ्या. तळोज्याच्या कारखान्यांशेजारच्या या गावातील एखाद्या ऐंशी वर्षांच्या आगरी आजीबाईंचा कुलवृत्तांत लिहू म्हटल्यास साधने कोणती? लग्नाबरोबर आडनाव पालटले. पुष्कळ घराण्यांत तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून मूळचे नावही पुसले जाते. माहेरच्या कागदांत ती 'मुलगी', सासरच्या कागदांत 'अमक्याची बायको' आणि पुढे 'तमक्याची आई'. भातलावणीस ती पुरुषाबरोबर चिखलात उभी होती, पण सात-बारावर नाव चढले ते पुरुषाचे. आगरी समाजात लग्न लावण्याचा मान धवलारणीचा. धवले तिच्या मुखी असत. म्हणजे समाजाची स्मृती स्त्रियांनी जतन केली, आणि दप्तरात मात्र त्यांनाच जागा मिळाली नाही.

अमेरिकेतील एक दाखला येथे बोधप्रद होईल. मेन प्रांतातील हॅलोवेल येथे मार्था बॅलर्ड नावाची एक सुईण होती. १७८५ पासून १८१२ पर्यंत, सत्तावीस वर्षे, तिने रोजनिशी लिहिली: आजची हवा, विणलेले कापड, कोणाचे बाळंतपण, किती मोबदला. तिने नोंदविलेली बाळंतपणे ८१६ आहेत. विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याची, असा त्या काळचा तिकडील कायदा. तेव्हा सरकारी कागदांत तिचा मागमूस थोडाच. ही वही मुलीकडच्या वंशात जपली गेली व अखेर डॉक्टर झालेल्या एका खापरपणतीच्या हाती पडली. कित्येकांनी ती क्षुल्लक म्हणून बाजूस सारली होती. परंतु लॉरेल थॅचर उलरिक या विदुषीने तिच्यावरून लिहिलेल्या ग्रंथास १९९१ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. सामान्य स्त्रीची नोंद राहिली तर साऱ्या गावाचा इतिहास हाती लागतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

कोणी म्हणेल, 'हा रिकामपणाचा उद्योग. याने पोट भरते काय?' त्यांस आम्ही कायद्याच्या भाषेत उत्तर देतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर संपादन आले. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघर परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण वेचले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडांची योजना निघाली. खातेदार मयत असला की प्रश्न येतो, वारस कोण? वारस दाखल्यासाठी आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठचा आधार घेतात, आणि त्याच्या मुळाशी असते वंशावळ. तीत बहिणीचे नाव गाळले की तिचा हक्क गाळला. गाळले नाही, तर साडीचोळीवर हक्कसोड पत्रास अंगठा घेतला जातो!

वास्तविक कायदा केव्हाच पुढे गेला आहे. १९५६ च्या कायद्याने मुलीस वारस केले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने अविवाहित मुलींस व २००५ मध्ये संसदेने सर्वच मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समभाग दिला. आणि २००५ मध्ये बाप हयात असण्याची जरुरी नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे आईचे नाव लिहिण्याचा नियमही राज्य सरकारने केला. कायद्याने दार उघडले. परंतु ज्या स्त्रीचे नावच कोठे नाही, तिने त्या दारातून आत यावे कसे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसून तिचे जन्मनाव, माहेर, आईचे नाव, आजीचे गाव, झालेली व गेलेली मुले लिहून घ्यावी. नंतर शाळेचे जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंद, जुने फेरफार व त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांवरून ती पडताळावी. कागद थांबतात, पण विस्मृती थांबत नाही. आजीबाई गेल्या की साक्षीदार गेला.

ज्या राष्ट्रास आपल्या माता नावाने ठाऊक नाहीत, त्याने मातृभूमीचा जयघोष कोणत्या तोंडाने करावा? दिवाळीच्या वहीपूजनास आमचे व्यापारी बंधू नवी चोपडी उघडतील, तेव्हा शेजारी ही दुसरी वहीही ठेवावी, आणि तिच्या पहिल्या पानावर घरातील आजीचे माहेरचे नाव लिहावे.